पहिला कोन, तिसरा कोन

नवरात्राचे शेवटचे दिवस आले की अंधेरीतलं ऊन बदलतं. पावसाळाभर ओल धरून बसलेल्या भिंती एकदम वाळतात, रंगाचे पोपडे सुटू लागतात, आणि दुपारी दोनच्या सुमाराला रस्त्यावर असा पांढरा झगझगाट उतरतो की कपाळावर हात धरल्याशिवाय समोरून येणारं माणूस ओळखू येत नाही. लोक ऑक्टोबर हीट म्हणून ह्या उन्हाला शिव्या घालतात. मीही घालते. पण ह्याच दिवसांत माझ्या पोटात आणखीही काहीतरी तापायला लागतं, आणि ते मी कोणाला सांगत नाही. मला केतकीचा हेवा वाटतो.

नातवंडं व्हायचं वय झालं. नोकरी संपली, केसांना रंग लावायचाही कंटाळा आला. तरी अठराव्या वर्षी लागलेली ही एक आच विझलेली नाही. हेवा आणि मत्सर ह्यांत फरक आहे म्हणतात. दुसऱ्याकडे आहे ते आपल्याकडेही असावं असं वाटतं, तो हेवा. दुसऱ्याकडे ते नसावंच असं वाटतं, तो मत्सर. मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा सकाळी घरून हेवा घेऊन निघायचे आणि कॉलेजच्या फाटकाशी पोचेपर्यंत त्याचा मत्सर झालेला असायचा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही मरोळला दोन खोल्यांत राहायचो. बाबा मूळ मालवणकडचे, परळच्या एका गिरणीत फिटर. संपानंतर गिरणी उघडलीच नाही. वर्षभर बाबा घरी होते. ते दारात बसून नुसते स्वतःच्या हातांकडे बघायचे, आणि आई त्यांच्या बाजूने जाताना भांडी मुद्दाम हळू ठेवायची. मग मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात त्यांना मशीनवर काम मिळालं, आणि त्याच वर्षी मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. पहिल्या दिवशी ड्रॉइंगच्या शीट ठेवायची लांब नळकांडी बाबांनी स्वतः खांद्याला लावली आणि बस स्टॉपपर्यंत माझ्यासोबत आले. बस आली तरी खांद्यावरून ती उतरवायला तयार होईनात. कंडक्टर म्हणाला, "काका, कॉलेजला कोण जातंय, तुम्ही का ती?"

साठ मुलांच्या वर्गात आम्ही सात मुली. त्यांतली एक केतकी. घाटकोपरला राहायची. तिचे वडील ट्रॉम्बेला शास्त्रज्ञ होते. नऊ ते तेरा ह्या वयात ती कॅनडात राहून आलेली. झालं. एवढंच कारण.

कारण एवढंच, पण ते रोज नव्या रूपात समोर यायचं. आम्ही ब्लेडने पेन्सिली तासायचो, आणि हिच्याकडे मागचं बटण दाबलं की केसासारखं बारीक शिसं बाहेर येणारी पेन्सिल. आमचे खोडरबर शीट काळी करायचे, हिचा पांढरा रबर नुसता फिरवला की रेघ कधी नव्हतीच असं वाटायचं. एकही चीज ती मिरवायची नाही, हे सगळ्यात वाईट. कोणी मागितली की चटकन द्यायची. मी कधीच मागितली नाही. प्राचार्यांनी पहिल्याच दिवशी भाषणात सांगितलं होतं, मुलांनो, आता जगाकडे बघायला शिका. मी मनात म्हटलं होतं, जगाकडे बघायचं तर मध्ये केतकी उभी आहे.

एकदा तिच्या घरी गेले होते. भिंतीवर जगाचा मोठा नकाशा होता, तिकडून आणलेला. त्यात अमेरिका मधोमध. आशियाचे दोन तुकडे करून अर्धा ह्या कडेला, अर्धा त्या कडेला चिकटवलेला. आपला देश शोधायला मला वेळ लागला. चौकटीला टेकून, कोपऱ्यात. मी म्हटलं, "हा नकाशा चुकीचा आहे." केतकी हसली. "चुकीचा नाही गं. तिकडे असाच असतो. त्यांच्यासाठी ते मधे." एवढं साधं वाक्य, पण ते ऐकून माझ्या कानशिलांत आग झाली. शाळेच्या भिंतीवरच्या आमच्या नकाशात आपण मधोमध होतो, आणि तो तसा कोणीतरी लावला म्हणून तसा होता, हे मला अठरा वर्षं कळलं नव्हतं. तिला ते नवव्या वर्षी, फुकटात कळलं होतं.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात बाबा घरी आले ते एक ड्रॉइंग घेऊन. जांभळ्या रेघांची प्रत, अमोनियाचा उग्र वास अजून तिला होता. खालच्या कोपऱ्यात अमेरिकेतल्या कुठल्याशा गावाचं नाव. एका यंत्रात बसणारा लोखंडी तुकडा होता तो, एका अंगाला खाच असलेला. नमुन्याचे सहा बनवून द्यायचे होते, ते पसंत पडले तर पुढचं काम येणार होतं. ड्रॉइंग वाचून देणारा सुपरवायझर सणासाठी गावी गेलेला. शेठ बाबांना म्हणाले होते, तुमची पोरगी इंजिनिअरिंगला आहे ना, तिला दाखवा. बाबांनी हे वाक्य आईला दोनदा सांगितलं.

सोमवारी मी ते ड्रॉइंग कॉलेजात नेलं. अभ्यासाला म्हणून बाबांना सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. आमच्याही घरात अमेरिकेतून काहीतरी आलं होतं, आणि ते केतकीने बघायला हवं होतं.

मधल्या सुट्टीत ड्रॉइंग हॉलच्या टेबलावर मी ते पसरलं. "अमेरिकेतून आलंय," मी म्हटलं. "माझे बाबा बनवतायत."

"झकास! बघू ना." केतकी वाकली. मुलंही गोळा झाली. तिने मिनिटभर पाहिलं आणि बोट कोपऱ्यातल्या छोट्या खुणेवर ठेवलं. "अगं, ही थर्ड अँगल आहे. तिकडे असंच काढतात. काकांना माहीत आहे ना? नाहीतर खाच उलट्या बाजूला जाईल."

कुठलीही वस्तू कागदावर मांडायची तर तिची चित्रं काढतात: समोरून, वरून, बाजूने. कुठलं चित्र कुठे ठेवायचं ह्याचे जगात दोन रिवाज आहेत. आम्हाला शिकवत होते तो पहिल्या कोनाचा, त्यात उजवीकडून दिसणारं चित्र डावीकडे मांडतात. अमेरिकेतला तिसऱ्या कोनाचा, त्यात उजवीकडचं उजवीकडेच. वस्तू तीच. पण एका रिवाजाचं चित्र दुसऱ्या रिवाजाने वाचलं, तर डाव्याचं उजवं होतं. हे आमच्या पुस्तकात होतं, एका पानावर, आणि ते पान परीक्षेला येत नाही म्हणून मी सोडलं होतं.

मागून कोणीतरी म्हणालं, "नंदा, वाट लागली तुझ्या अमेरिकेची!" सगळे हसले.

"आमच्याकडची माणसं वीस वर्षं मशीनवर आहेत," मी ड्रॉइंगची घडी घालत म्हटलं. "त्यांना नको शिकवूस."

"मी शिकवत नाहीये गं," केतकी म्हणाली. "फक्त म्हटलं."

त्या दुपारी मी लायब्ररीत गेले. ते पुस्तक समोर ठेवलं. वर पंखा घरघरत होता, खिडकीतून तेच पांढरं ऊन टेबलावर पडलं होतं. पुस्तकावर हात ठेवून मी अर्धा तास बसले आणि ते उघडलं नाही. उघडलं असतं आणि केतकीचं खरं निघालं असतं, तर? न उघडता मी तिला चुकीची ठरवू शकत होते. तेवढं सुख मला सोडवेना.

संध्याकाळी बाबा खाटेवर ड्रॉइंग घेऊन बसले. "नंदा, माका वाटता खाच ह्या उजव्या अंगाक येतली. डाव्या बाजूक इली तर पानो घालूक जागाच रवणा नाय. तुझा पुस्तक काय म्हणता?"

त्यांनी ड्रॉइंग वाचलंच नव्हतं. त्यांनी बोल्ट आवळणाऱ्या माणसाच्या हाताचा विचार केला होता. आणि त्यांचं बरोबर होतं.

"पुस्तकाप्रमाणे डावीकडेच," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की, बाबा."

त्यांनी मान हलवली. "शिकलेली आसस तू," असं म्हणाले, आणि पेन्सिलीने डाव्या बाजूला बारीक फुली मारली.

खंडेनवमीला आम्ही सगळे कारखान्यात गेलो. मशीन धुऊन पुसून काळंभोर चमकत होतं, त्यावर झेंडूचे हार, हळदीकुंकू, पाने-हातोड्यांची मांडणी. आणि मधोमध, तबकात, ते सहा तुकडे. बाबांनी पॉलिश करून आरशासारखे केलेले. शेठनी सगळ्यांसमोर माझ्या हातात पहिला पेढा ठेवला. "इंजिनिअर बेन," म्हणाले. मी पेढा खाल्ला. मला तो गोड लागला, हेही लिहून टाकते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कॉलेजला सुट्टी होती, म्हणून बाबांचा डबा घेऊन मीच गेले. दारातच पाय थबकले. काम देणाऱ्यांचा माणूस जोडीचा दुसरा भाग घेऊन आला होता आणि एकेक तुकडा त्यात बसवून बघत होता. एकही बसत नव्हता. सहाही तुकडे, आरशातल्या प्रतिमेसारखे, उलटे.

शेठ ओरडत होते, "किसने बोला लेफ्ट में? मिलवाला आदमी है, मिल का ही काम आता है इसको!"

शेजारच्या मशीनवरची माणसं हात थांबवून बघत होती. बाबा मान खाली घालून उभे होते. वर्षभर दारात बसायचे तसेच, हात पुढे धरून.

"मेरे से गलती हुआ, शेठ," बाबा म्हणाले. "मैंने उल्टा पढा."

मग त्यांना दारात मी दिसले. त्यांनी माझ्याकडे बघून मान जराशी हलवली, कोणाच्या लक्षात येणार नाही इतकी. बोलू नको. मी डबा तिथल्या स्टुलावर ठेवला आणि उन्हात बाहेर आले. मरोळच्या त्या रस्त्यावर मी चालत राहिले. लाजेने रडू यायला हवं होतं. पण मला पहिलं जे वाटलं ते हे: आता केतकीला कळेल.

संध्याकाळी बाबा मोरीत हाताचं ग्रीस काढत उभे होते. मी मागे जाऊन उभी राहिले.

"बाबा, केतकी म्हणाली होती. खाच उजवीकडे येईल म्हणून."

"कधी?"

"तुम्ही विचारलंत त्याच दिवशी. दुपारी."

"मगे पुस्तकात काय होता?"

"मी पुस्तक उघडलंच नव्हतं."

हात चोळणं थांबलं नाही. आत आईच्या पोळपाटाचा आवाज मात्र थांबला. ते म्हणाले, "कित्याक?"

जळत होते, हे बापाला कुठल्या शब्दांत सांगतात? बाबांनी हात पुसले, टॉवेल दोरीवर नीट पसरला. "तिका रविवारी जेवाक बोलव," म्हणाले. त्यांनी मला थोबाडीत मारली असती तर मी आज त्यांची जास्त ऋणी असते.

केतकी आली, आनंदाने आली. आईने बोंबील तळले होते. केतकीने दोनदा मागून घेतले, तिसऱ्यांदा थांबली, तर आई म्हणाली, "खा गो, लाजतंस कित्याक?" माझ्या मैत्रिणीला आई पहिल्याच भेटीत अगं-तुगं करत होती, आणि केतकीला ते मालवणी अर्धंही कळत नसताना ती प्रत्येक वाक्याला हसत होती.

जेवणं झाली. बाबांनी पिशवीतून वाया गेलेला एक तुकडा काढून तिच्यासमोर ठेवला. "सांग माका," म्हणाले. "ह्यो फरक काय आसा तो."

केतकीने चपलांचा रिकामा खोका मागितला. तुकडा खोक्यात ठेवला. "काका, समजा हा खोका काचेचा आहे. तुम्ही बाहेरून बघताय आणि जे दिसतंय ते काचेवरच काढताय. उजवीकडून बघितलं तर उजव्या काचेवर. ही अमेरिकेची पद्धत. आपल्याकडे काय करतात, तुम्ही वस्तूकडे बघता, आणि चित्र तिच्या पलीकडच्या भिंतीवर पडतं. म्हणून उजवीकडून बघितलेलं डावीकडे जातं."

बाबांनी खोक्याभोवती एकदा हात फिरवला. "म्हणजे तेंची काच," ते म्हणाले, "आणि आमची सावली."

केतकीने टाळी वाजवली. "काका! माझ्या बाबांनीसुद्धा इतकं सोपं नव्हतं सांगितलं!"

कॉलेजात मला हेच दोन महिने शिकवत होते. आमच्या वर्गात निम्म्यांना कळलं नव्हतं. बाबांना अर्ध्या मिनिटात कळलं, आणि ते माझ्या बाजूला बसून नाही, तिच्या बाजूला बसून.

त्यानंतर जे झालं ते मी आजवर विसरले नाही. बाबा उठले आणि कपाटावरचा तंबाखूचा जुना डबा काढला. मी लहानपणापासून तो बघत होते, त्यात खिळे असतील समजत होते. त्यांनी तो वर्तमानपत्रावर उपडा केला. स्क्रू, बोल्ट, नट. एकेक उचलून ते सांगू लागले. हा विलायतेचा, गिरणीतल्या मागाचा, ह्याचे आटे इंचात मोजायचे. हा जर्मन, ह्याचे मिलिमीटरमध्ये, विलायती नट ह्यावर दोन फेरे चढतो आणि मग अडतो, जबरदस्ती केली तर दोघेही मरतात. हा जपानी, बघ डोकं केवढं लहान, त्यांना जागेची किंमत. वीस वर्षं गिरणीत देशोदेशीची मशीनं उघडताना त्यांनी हे जमवलं होतं. माणसं नव्हती भेटली. पण मशीन उघडलं की बनवणारा कसा विचार करतो ते दिसतं, असं ते म्हणाले.

केतकी दोन्ही कोपर जमिनीवर टेकून ऐकत होती. तिला एकावर एक प्रश्न सुचत होते. "काका, मग रशियन?" "काका, हा कोणाचा?" बाबांचा आवाज मी इतका मोकळा कधी ऐकला नव्हता. संप झाल्यापासून तर नाहीच.

"तुम्ही कधी गेला होतात का काका, बाहेरच्या देशात?"

"मी? मी मालवणाहून मरोळाक इलंय," बाबा म्हणाले, आणि दोघंही हसत सुटली.

मी भिंतीला टेकून बसले होते. जे जग मी केतकीच्या पेन्सिलीत, तिच्या रबरात, तिच्या भिंतीवरच्या नकाशात शोधत होते, ते माझ्या घरात कपाटावर होतं. मी ते कधी मागितलं नाही. ती एका रविवारी बसने आली आणि घेऊन गेली. लोकांना वाटतं, अशा क्षणी हेवा संपतो. माझा त्या दिवशी दुप्पट झाला. कॅनडा तिचा होता, तोवर ठीक होतं. आता ती माझ्या बापापर्यंत पोचली होती.

तिला बस स्टॉपवर सोडायला गेले. "तुझे बाबा काय भारी आहेत यार," ती म्हणाली. "तू कधी बोलली नाहीस."

मी म्हटलं, "त्या दिवशी मी तुला तोडून बोलले. सॉरी."

"कधी?" तिने विचारलं. ती विसरली होती. मी ज्यावर दोन आठवडे जळत होते, ते तिच्या लक्षातही नव्हतं. बस लवकर यावी अशी मी मनापासून प्रार्थना केली.

बाबांनी ते सहा तुकडे पुन्हा केले, ह्या वेळी सगळे बसले. पुढचं कामही आलं. मग कारखान्यात बाहेरचं कुठलंही ड्रॉइंग आलं की आधी बाबांकडे जायचं, आणि ते हाताखालच्या पोरांना विचारायचे, "काच की सावली?" मी पास झाले, नोकरीला लागले, ड्रॉइंग ऑफिसात चौतीस वर्षं काढली, कंपनीच्या कामाने दोनदा परदेशीही गेले. तिथे कागदाच्या कोपऱ्यातली खूण बघितल्याशिवाय कधी पुढची रेघ वाचली नाही. समोरचा कुठे उभा राहून बोलतोय ते आधी बघायचं, एवढं शहाणपण मला आलं. ते कोणामुळे आलं हे मात्र मी कुठल्याही निरोप समारंभात सांगितलं नाही. केतकी पुढच्या शिक्षणाला पुन्हा कॅनडात गेली ती तिथलीच झाली.

बाबा गेले त्याला आता काही वर्षं झाली. मागच्या महिन्यात केतकीकडून एक जाड पाकीट आलं. सोबत दोन ओळी: घर आवरतेय, ही तुझ्याकडे असायला हवीत. आत बाबांची पत्रं होती, अकरा. परदेशी टपालाची निळी पातळ पत्रं, बाबांचं गोल शाळकरी अक्षर. कारखान्याच्या पत्त्यावरून ते तिला लिहीत होते, वर्षानुवर्षं. घरात कोणालाही माहीत नव्हतं.

मी एक उघडलं. बाबा बोलायचे मालवणीत, पण पत्रात शाळेत शिकलेलं मराठी होतं.

"चि. केतकी, अनेक आशीर्वाद. तुमच्याकडे बर्फ पडतो म्हणतेस, तर त्या थंडीत मशीनचे तेल घट्ट होते काय? सकाळी मशीन सुरू करण्याआधी तिकडची माणसे काय करतात ते सवडीने कळव. नंदा बरी आहे. तिला विचारले असते, पण मी काही विचारले की तिला वाटते मी तिची परीक्षा घेतो आहे. पोर घाबरते. म्हणून तुला विचारतो."

मी ते पत्र उन्हातून आत, सावलीत नेऊन पुन्हा वाचलं. मग दुसरं, तिसरं. बाबांनी मला लिहिलेलं एकही पत्र माझ्याकडे नाही. मी कधी त्यांच्यापासून पत्र लिहिण्याइतके दिवस लांब राहिलेच नाही, आणि जवळ असून कधी त्यांनी काही विचारावं इतकी जवळही आले नाही.

अकरावं वाचून झाल्यावर मोबाइल घेतला आणि केतकीला लिहिलं: पत्रं मिळाली. आणखी असतील तर तीही पाठव. ती माझी आहेत.

पाठवायच्या आधी मी शेवटचं वाक्य पुसलं.